सेकंडहँड रॉजर्स एलएस ३/५ए : गळा ऐकायचाय की धडधड, ते आधी ठरवा

आधीच सांगून टाकतो, पिक्चर बघताना सोफा हलला पाहिजे, गणपतीत गल्लीला ऐकू गेलं पाहिजे असं ज्यांचं आहे त्यांनी हे वाचण्यात वेळ घालवू नये, त्यांच्यासाठी बाजारात निम्म्या पैशात खंडीभर माल आहे. हे स्पीकर ज्यांच्या घरी किशोरीताई, कुमारजी, वसंतराव, जुने लताबाई-तलत हेच रोजचं खाणं आहे आणि हॉल दहा बाय पंधराच्या आसपासचा आहे अशांचे. रॉजर्स कंपनीचे एलएस ३/५ए, १५ ओहमवाले (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा, त्यालाच इंपिडन्स म्हणतात), सागवानी विनियर, वय चाळीसच्या पुढे, सेकंडहँडच घेतलेत, आणि वर्ष उलटून गेलं तरी अजून रोज लागतायत त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. नव्या नवरीचं कौतुक संपलेलं आहे, दोष पण नीट दिसलेत.

दिसायला काहीच नाही. बुटाच्या खोक्याएवढी पेटी, साधारण ३० सेंटिमीटर उंच, १९ रुंद, १६ खोल, एकेकाचं वजन पाच किलोच्या थोडं वर. घरी आणले तेव्हा आईने विचारलं, एवढ्याचे एवढे? बरोबरच आहे तिचं. पण हे डबे कशासाठी बनले ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. बीबीसीच्या इंजिनियर लोकांना १९७० च्या सुरुवातीला आऊटसाइड ब्रॉडकास्टच्या, म्हणजे स्टुडिओबाहेरून प्रक्षेपण करायच्या, गाडीत लावायला छोटा मॉनिटर (आवाज तपासायचा स्पीकर) पाहिजे होता, गाडीत जागा नाही, हेडफोन घालून कंटाळा येतो, आणि निवेदकाचा आवाज बरोबर जातोय की नाही हे तर कळलंच पाहिजे. त्याआधी स्टुडिओची एक अष्टमांश आकाराची मॉडेलं करून आवाजाचे प्रयोग चालले होते त्यासाठी एक छोटा स्पीकर त्यांनी बनवलेला होताच, त्यातून हे निघालं. वूफर (खालच्या आवाजाचा) आणि ट्वीटर (वरच्या आवाजाचा) दोन्ही केईएफ या इंग्लिश कंपनीचे, बी११० आणि टी२७. पहिल्या आवृत्तीनंतर केईएफच्या मालात बदल झाला म्हणून क्रॉसओव्हर (आवाज वूफर-ट्वीटरमध्ये वाटून देणारं सर्किट) परत आखावा लागला, तो झाला ‘ए’, १९७४ च्या सुमाराचा. मग बीबीसीने लायसन दिलं आणि रॉजर्स, चार्टवेल, ऑडिओमास्टर, स्पेंडर, हार्बेथ, गुडमन्स अशा बऱ्याच कंपन्यांनी तोच स्पीकर त्याच मापाने बनवला. म्हणजे माणसाचा बोलण्याचा आवाज खरा वाटतो का, ही याची परीक्षा होती. बेस नव्हे, स्फोट नव्हे. आपल्याकडे गाणं म्हणजे मुख्यतः गळाच, त्यामुळे गोऱ्या लोकांनी बातम्यांसाठी केलेली वस्तू आपल्या ख्यालाला अशी काही बसते की विचारू नका.

आता बाजार. भारतात हे दुकानात मिळत नाहीत, जे आहेत ते कोणी मर्चंट नेव्हीतल्याने, कोणी दुबई-लंडनहून परतलेल्याने आणलेले, नाहीतर नंतर एखाद्या हौशी माणसाने इंग्लंडहून मागवलेले. परत मागवायचे म्हटलं तर किंमत बाजूला, विमानाचं भाडं, कस्टम ड्यूटी, त्यावर जीएसटी, आणि वाटेत आपटले तर कोणाच्या नावाने रडायचं? म्हणून इथलेच शोधायचे, जाऊन कानाने ऐकून घ्यायचे. मी शोधत होतो तेव्हा लोक एक लाखापासून दोन लाखांपर्यंत काहीही मागत होते, वस्तू तीच, फक्त मागणाऱ्याचा चेहरा बघून. माझा सौदा सव्वा लाखाच्या थोडा खाली ठरला. स्वस्त नाही, पण पळवून लुटलं असंही नाही.

ठाण्यात एक जोडी बघायला गेलो होतो ती सांगतो म्हणजे काय बघायचं ते लक्षात येईल. विक्रेता गोड बोलणारा, चहा पाजला, सोफ्यासमोर स्पीकर मांडून ठेवलेले, वाजत होते पण उजवीकडचा जरा मेल्यासारखा वाटत होता, वरचा भाग नाही, गाणारी बाई डावीकडे सरकलेली. म्हटलं पुढची जाळी काढून बघू? तर म्हणे नको नको, जुन्या क्लिपा आहेत, तुटतात. इथेच माझे कान टवकारले कारण याच्या जाळीला क्लिप नसतेच, वेल्क्रोवर बसते, कडेला बोट घालून हळूच ओढली की चर्र करून येते. काढली शेवटी. उजव्या स्पीकरमध्ये ट्वीटरच्या जागी कुठलासा लोकल रेशमी डोमवाला ट्वीटर फेविक्विकने चिकटवलेला, आणि ट्वीटरभोवती ज्या जाड फेल्टच्या पट्ट्या असतात चौकोनात, त्या गायबच. किंमत मात्र ओरिजनलची. उठलो.

आता कोणी म्हणेल ट्वीटर बदलला तर एवढं काय बिघडलं, वाजतोय ना. तर या स्पीकरचं तेच तर आहे. १५ ओहमच्या क्रॉसओव्हरमध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, त्याला वेगवेगळे टॅप (जोडणीच्या जागा), आणि कारखान्यात प्रत्येक ट्वीटर मोजून त्याला लागू पडेल तो टॅप जोडत होते म्हणजे दोन्ही स्पीकर एकमेकांशी तंतोतंत जुळावेत. त्यामुळे एक युनिट बदललं की सगळा हिशोब बिघडला. म्हणून मागचं लेबल बघायचं, जोडीचे नंबर जुळतायत का, आणि मग जाळी काढायची, चारही युनिट एकसारखी आहेत का, ट्वीटरवर धातूची बारीक जाळी आहे का, फेल्ट आहे का. बाकी विनियरवर चहाच्या कपाचा डाग असेल तर असू दे, उलट तेवढ्यासाठी पाच हजार कमी करून मागा.

माझी जोडी मिळाली मुलुंडला. काका जहाजावर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, आता मुलाकडे बेंगळुरूला चालले होते आणि मुलाच्या घरी ब्लूटूथचा डबा आहे म्हणे. स्पीकर पुस्तकांच्या कपाटात ठेवलेले, शेजारी ज्ञानेश्वरी. मी पिशवीतून पेन्सिल सेल आणि दोन वायरी काढल्या तर काका हसायला लागले, म्हणाले, अरे तू काय डॉक्टर आहेस का? पण हे करावंच. दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या टर्मिनलला क्षणभर लावायचा, प्लसला प्लस, वूफरचा कोन (हलणारा पडदा) पुढे यायला पाहिजे, दोन्हीकडे सारखाच. एक पुढे आणि एक मागे गेला तर आत कोणीतरी वायरी उलट्या जोडल्यात. मग दोन्ही हातांची बोटं कोनच्या कडेला सगळीकडून सारखी ठेवून अगदी हलकं दाबायचं, आत कॉइल घासत असेल तर कर्र असं बोटाला कळतं, कानाला कळायच्या आधी. बी११० चा कोन बेक्सट्रीन नावाच्या प्लॅस्टिकचा, वर्षानुवर्षं उभा राहून जरा खाली लोंबतो आणि मग घासतो, हा याचा नेहमीचा आजार आहे. माझ्या जोडीत तसं काही नव्हतं. मग मोबाइलवर टोन लावून खालून वर नेला, कुठे गुरगुरतंय का बघितलं, आणि शेवटी एक मोनो रेकॉर्डिंग. मोनो का, तर दोन स्पीकर जुळलेले असले की मोनो आवाज बरोबर मध्ये, एका जागी उभा राहतो, फुटभर पसरलेला नाही. भीमसेनजींचं जुनं मोनो काढलं आणि आवाज समोरच्या भिंतीतल्या देवघरातूनच यायला लागला. काकू आतून म्हणाल्या, हे लावलेलं विकताय काय हो? काकांनी माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं. किंमत मात्र त्यानंतर एक पैसा कमी झाली नाही.

एक गोष्ट याच्या बाजूने फार मोठी आहे आणि तिचं कोणी कौतुक करत नाही. आपल्याकडची हवा. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा, कुठेही जुने परदेशी स्पीकर बघा, फोमचे सराउंड (कोनभोवतीची लवचिक कडा) असले की पंधरा-वीस वर्षांत त्याचा भुगा होतो, बोट लावलं की काळं पीठ हाताला. जुन्या जेबीएलच्या कितीतरी मॉडेलचं तेच, केईएफचेच मोठे १०४/२ घ्या, त्यांचं पण तेच. मग रीफोम करणारा माणूस शोधा, तो करतो पण कसं करतो हे नशीब. बी११० चं सराउंड निओप्रीन रबराचं, चाळीस वर्षांनी पण मऊ. क्वाड कंपनीचे इलेक्ट्रोस्टॅटिक (कोनऐवजी पातळ पडदा हलवणारे) स्पीकर माझ्या पण स्वप्नात येतात, पण त्या पडद्यांना हाय व्होल्टेज लागतं आणि आपल्या दमट धुळीत ते कधी तडतडायला लागतील सांगता येत नाही, इथे बघायला कोण आहे? हे बापडे पेटीत बंद आहेत, मागे भोक नाही पोर्ट नाही, झुरळ जायला जागा नाही. हसू नका, पोर्टवाल्या स्पीकरमधून पाल निघालेली मी पाहिलीय.

आता आवाज.

पहिल्यांदा पु.लं.चं कथाकथन लावलं, गाणं नाहीच. मोठ्या स्पीकरवर, टीव्हीच्या साउंडबारवर पु.लं. ऐकले तर आवाजाला एक छातीतला भोंगा येतो, सभागृहात मागच्या रांगेत बसल्यासारखा. इथे माणूस समोर बसलाय. वाक्य संपवताना आवाज बारीक करतात ना, आणि मग लोक हसेपर्यंत थांबतात, त्या थांबण्यात घेतलेला श्वास ऐकू येतो. कुमारजींचं पण तसंच. क्षयामुळे एक फुप्फुस निकामी झालेलं, त्यामुळे ते लांब दम न घेता तुकड्यातुकड्यात, झपकन स्वर फेकून थांबतात, आणि तो दम कुठे घेतला, किती घेतला हे या स्पीकरवर लपतच नाही. किशोरीताईंचा भूप लावला तर मागे तानपुरा नुसता गुंईं करत राहत नाही, जवारी खुललेली कळते, चार तारा वेगवेगळ्या मोजता येतात, आणि त्यात त्यांचा गंधार लागला की तारेत मिसळून जातो. हार्मोनियमचा भाता ओढलेला, पेटीच्या लाकडाचा टक. वाद्यांत सारंगी सगळ्यात भारी लागते, व्हायोलिन पण.

तबला मात्र अर्धा. चाट, शाई, बोटांचं काम अप्रतिम, तिरकिट धुवून काढल्यासारखं स्पष्ट. डग्गा दिसतो पण बसत नाही. यात एक गंमत आहे, शंभर-दीडशे हर्ट्झच्या आसपास यांनी आवाज जरासा फुगवून ठेवलाय त्यामुळे एवढ्याशा डब्याला अंग आहे असा भास होतो, डग्ग्याची मींड पण छान घुमते, पण ऐंशीच्या खाली बघाल तर पुढे शुकशुकाट. पखवाज लावा, धृपद लावा, लगेच उघडं पडतं. अजय-अतुल लावून बघितलं, मुलीने लावायला लावलं, ती म्हणाली बाबा ढोल कुठे गेले? खरंच कुठे गेले. सनई-संबळ मजेत वाजतात, ढोल शेजारच्या गावात. आणि आवाज वाढवून भरपाई करायला जाल तर नाही जमणार, रेटिंगच २५ वॅटचं, एका मर्यादेनंतर वूफर ठेचाळतो. हे दोष आहेत, नाक मुरडण्यासारखे आहेत, आणि लाखभर देऊन माणसाने हे ऐकून घ्यावं का हा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर हो आहे कारण माझ्या घरात नव्वद टक्के वेळ गळाच वाजतो. रॉजर्सनेच नंतर एबी१ नावाची बेसची पेटी काढली होती याच्या खाली ठेवायला, तिच्या मागे लागू नका असं मी म्हणेन, त्या पैशात चांगला ॲम्प (ॲम्प्लिफायर) येतो.

आणि ॲम्पवर पैसे घालावेच लागतात. सेन्सिटिव्हिटी (दिलेल्या वॅटला किती आवाज निघतो ते) ८२-८३ डेसिबल, म्हणजे आजच्या हिशोबाने बहिराच, मोबाइलएवढे क्लास डी ॲम्पचे बोर्ड लावून चालवायला जाल तर आवाज येईल, गाणं येणार नाही. त्यातून १५ ओहम, म्हणजे ट्रान्झिस्टरवाल्या ॲम्पमधून वॅट निम्म्याजवळ येतात. मी जुना क्वाड ३०३ ॲम्प लावलाय, तो ८ ओहमला ४५ वॅट देतो आणि इथे तिशीच्या आत, माझ्या हॉलला पुरतात. मित्राने त्याचा ईएल३४ वाला व्हॉल्व्ह ॲम्प (जुन्या रेडिओसारखा, तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचा) आणून लावला होता एका रविवारी, १६ ओहमच्या टॅपवर, बायकांचे आवाज अजून गोड झाले, जरा जास्तच गोड, सगळ्याच जणी सुस्वभावी वाटायला लागल्या. मला क्वाड बरा. मे महिन्यात हॉलमध्ये व्हॉल्व्ह पेटवून बसायची माझी तयारी पण नाही.

जागेचं सांगतो कारण यात लोक फसतात. काकांकडे कपाटात होते आणि तिथे पण बरे वाजत होते पण खर्जात धुकं होतं. भिंतीपासून दोन फूट पुढे काढले, दोघांत पावणेदोन मीटर, मी तेवढ्याच लांब, ट्वीटर कानाच्या उंचीला, की एकदम पडदा बाजूला होतो. जवळ बसूनच ऐकायचे आहेत हे, लांब डायनिंग टेबलावरून नाही. आपल्या फ्लॅटला खाली व्हिट्रिफाइड टाइल, वर फॉल सीलिंग, समोर काचेचा स्लायडिंग दरवाजा, टाळी वाजवली तर ती पाच वेळा परत येते. सतरंजी टाकली, जाड पडदे लावले, पुस्तकांचं कपाट बाजूच्या भिंतीला सरकवलं, हा खर्च काहीच नाही पण फरक नव्या केबलच्या दसपट. आणि जाळी लावूनच ऐका, मूळ ट्यूनिंग जाळी धरून केलेलं आहे, नागडे वाजवले तर वरचा भाग टोचतो.

आता १५ की ११ ओहम. १९८७ च्या सुमारास केईएफच्या युनिटमध्ये फरक पडत चालला म्हणून क्रॉसओव्हर नव्याने आखला आणि इंपिडन्स ११ झाला. बाजारात १५ वाल्याला अंगारे-धुपारे आहेत, त्याचेच भाव चढलेत. मी दोन्ही ऐकलेत, ११ वाला जरा मोकळा वाजतो, १५ वाला मध्ये जरा भरीव, पण तीस-चाळीस हजारांचा फरक द्यावा एवढं काही त्यात नाही. ११ ची स्वच्छ, नंबर जुळणारी जोडी आली समोर तर बिनधास्त घ्या, ॲम्पला पण सोपी. कपॅसिटर बदलून देतो, रिकॅप करून देतो म्हणणारे भेटतील, माझ्या जोडीत फिल्म टाइपचे आहेत, ते इलेक्ट्रोलायटिकसारखे सुकत नाहीत, त्यामुळे मी हात लावू दिला नाही आणि देणार पण नाही. युनिट गेलंच तर? केईएफने बनवणं केव्हाच बंद केलं, पण फाल्कन म्हणून इंग्लंडची कंपनी आहे, ज्याने केईएफमध्ये मूळ टी२७ आणि बी११० आखले त्या माल्कम जोन्सनेच काढलेली, ते आज जुन्या बरहुकूम युनिट बनवतात आणि अख्खे नवे एलएस ३/५ए पण बनवतात. बाकी ऑनलाइन स्वस्तात जे ‘एलएस ३/५ए’ दिसतात त्यात चिनी डबे पण भरपूर आहेत, दिसायला झकास.

नवाच घ्यायचा असेल, वॉरंटी पाहिजे असेल तर केईएफचाच एलएस५० मेटा ऐका. मूळ एलएस५० २०१२ ला कंपनीच्या पन्नाशीला काढला, याच स्पीकरला डोळ्यासमोर ठेवून; मेटा ही त्याची २०२० ची आवृत्ती. बेस जास्त, जोर जास्त, आधुनिक गाण्याला बेस्ट, आणि मूळ एलएस५० सेकंडहँड तर आता बराच खाली आलाय. माझ्या मुलीचं मत त्यालाच. ख्याल ऐकताना मला तो जरा जास्त हुशार वाटतो, प्रत्येक गोष्ट दाखवायची घाई असल्यासारखा, पण हे माझं झालं, तुम्ही दोन्ही शेजारी ठेवून ऐकलेत तर उलट पण म्हणाल.

राहिलं स्टँड. ब्रँडेड स्टँडचे भाव ऐकून मी सरळ भोसरीच्या एका वेल्डिंगवाल्याकडे गेलो. चौकोनी पाइप, वर-खाली पत्रा, उंची २४ इंच, पाइपमध्ये चाळलेली वाळू भरली, वर स्पीकरच्या चार कोपऱ्यांना ब्लूटॅकच्या (चिकट मातीसारखा लगदा) गोळ्या. पावडर कोटिंगसकट साडेचार हजारात दोन्ही झाले. वाळू आधी तव्यावर चांगली सुकवून घ्या, ओली भरलीत तर आतून गंजतो पाइप, आणि भरताना बायको घरात नसलेली बरी.